निरंजनने वसवलेलं गाव

सोमवार, ११ नोव्हेंबर २०१९. नळाचं पाणी गढूळ. कढीपत्त्याला ताक घातलं. संध्याकाळी निरंजन आला. पेढे आणले होते, म्हणजे काम होतं. त्याच्या कॉलेजात मी खेड्यातली आजारी बाई व्हायचं आहे. बरं म्हटलं. धाकटी उशीही मागून नेली. ती कोणाच्या तरी पोटाला बांधणार आहेत म्हणे.

प्रमोदिनीबाई टेंभेकरांच्या डायरीत याहून जास्त कधी नसे. त्यांची शाळा नन्सची. तिथे मुलींच्या इंग्रजी वह्या मदर उघडून वाचत, म्हणून बाईंनी लहानपणीच डायरी मराठीतून लिहायला घेतली. ती सवय पुढे रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या सासरी, शामरावांच्या रेल्वेच्या नोकरीत आणि शामराव गेल्यावरही तशीच राहिली. घडलं ते लिहायचं, वाटलं ते गिळायचं. निरंजनच्या बाबतीत मात्र बाईंना गेली कित्येक वर्षं जरा जास्तच गिळावं लागत होतं.

निरंजन म्हणजे शामरावांचा पुतण्या. डॉक्टर, आणि त्यातही ग्रामीण आरोग्याचा जाणकार. नव्या रायपुरातल्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात तो त्या विभागाचा प्रमुख होता. शहरातल्या पोरांना खेड्यात जाऊन डॉक्टरकी करायला तयार करायचं, हे त्याचं काम. या माणसाने स्वतः खेड्यात किती दिवस काढले, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो मोठा झाला होता, आणि मोठ्या झालेल्या माणसाची अशी गोष्ट जेवणाच्या पाटावर कोणी काढत नाही.

तो पास झाला तेव्हा छत्तीसगड वेगळं व्हायचं होतं. अभनपूरच्याही पुढे, आत कुठेतरी, त्याची पहिली नेमणूक झाली. त्याच्या आईचं रडणं थांबेना. शामरावांनी स्वतःच्या हाताने होल्डॉल बांधला. प्रमोदिनीबाईंनी त्यात ठेवायला सावरीच्या कापसाची एक लहान उशी शिवली आणि तिला दोन अभ्रेही करून दिले. सगळं घर बस स्टँडवर पोचवायला गेलं होतं. आठवडा सरायच्या आत निरंजन दारात हजर. होल्डॉलचे पट्टे शामरावांनी आवळले होते तसेच होते. गावात खाट नव्हती, म्हणाला. दिवा नव्हता. लोक बाहेरच्या ओट्यावर येऊन बसत आणि उठतच नसत. मग त्याच्या कमरेत गॅप निघाली, त्या गॅपचं सर्टिफिकेट निघालं, आणि रायपूरच्या एका ऑफिसाने त्याला 'अटॅच' करून घेतलं. नाव गावाच्या हजेरीत आणि माणूस रायपुरात, अशी ती सोय होती. पुढे क्लबात बॅडमिंटन खेळताना ती गॅप कधी कोणाच्या नजरेस पडली नाही. होल्डॉलमधली उशी बाईंनी काढून घेतली, अभ्रे कपाटात ठेवले. तिचं नाव घरात 'धाकटी' पडलं.

नवं राज्य झालं, नवी राजधानी आखली गेली, खाती निघाली आणि खात्यांना तज्ज्ञ लागू लागले. फाइलीत निरंजनचा अनुभव 'ग्रामीण' असाच लिहिलेला होता. त्या एका शब्दावर तो वर चढत गेला. कोशाच्या रेशमाचं जॅकेट आलं, गळ्यात गमछा आला, परदेशातल्या परिषदा आल्या. त्याच्या प्रत्येक भाषणात पडद्यावर पहिलं चित्र बैलगाडीचं असे. ते चित्र बाईंच्या ओळखीचं होतं. त्यांच्याच स्वयंपाकघरात वर्षभर लटकलेल्या एका खताच्या कॅलेंडरावर ते होतं.

आता कॉलेजला ग्रामीण डॉक्टरकीचा खास अभ्यासक्रम काढायचा होता. दिल्लीहून कमिटी येणार, तिने होकार दिला की निरंजन संचालक होणार. त्यासाठी त्याने कॉलेजच्या आवारात एक नमुन्याचं गाव उभं केलं होतं, आणि गावात एक आरोग्य केंद्र.

"खरी गावं संपली का रे?" पेढ्यांचा पुडा बाजूला सारत बाईंनी विचारलं होतं.

"तसं नाही काकू. खऱ्या गावात परीक्षा घेता येत नाही. एका बाईले ताप असते, दुसरीले काहीच नसते, तिसरी तर बोलतच नाही. पोट्टे गडबडून जातात. मार्क कशाचे द्यायचे मग? इथं आपण पेशंट तयार करून राहिलो. ज्याले जे दुखते ते कार्डावर लिहिलेलं. सगळ्याले सारखं."

"आणि खेड्यातली बाई म्हणून मी?"

"तुमची ती सुती साडी, हे पांढरे केस, एकदम अस्सल वाटता तुम्ही."

"मी गावात एक रात्र राहिलेली नाही निरंजन. या घरात तसं कोणीच राहिलेलं नाही."

निरंजन हसला. असं काही कानावर पडलं की तो हसत असे, आणि ते हसू आता बरंच सफाईदार झालं होतं.

रंगीत तालमीच्या दिवशी त्याचा ड्रायव्हर शालिग्राम बाईंना घ्यायला आला. रुंद रस्ते, मधोमध फुलझाडं, आणि मैलभर माणूस नाही. गावात शिरल्यावर बाईंनी सगळं नीट पाहून घेतलं. भिंती सिमेंटच्या, वर मातीचा रंग. छत कवेलूचं, आत एसी, आणि एसी दिसू नये म्हणून पुढे सूप टांगलेलं. अंगणात हातपंप होता, त्याला पाइप नव्हता. वृंदावनात तुळस प्लास्टिकची. आतल्या भिंतीला बांबूचा तट्ट्या वाटावा असा छापील कागद डकवलेला. दारावर मात्र पाटी झकास होती: 'ग्राम आरोग्य केंद्र. सबके लिए खुला.'

आवाराच्या भिंतीपलीकडे डूमरपारा नावाची वस्ती होती. कॉलेज उभं होतं ती जमीन कधीकाळी तिथल्याच लोकांची. आता त्यांतले काही जण कॉलेजच्या हिरवळीला पाणी घालत. अशाच एकाची बायको नवऱ्याचा डबा घेऊन आली होती आणि गाडीपाशी रेंगाळत होती. पोट पुढे आलेलं, दिवस भरत आलेले. नाव बिसाहिन.

"दाई, ए अस्पताल कब खुलही?" तिने विचारलं.

बाईंचा जन्म रायपुरातला, छत्तीसगडी त्यांना चांगली येई. "ए अस्पताल नोहे, बेटी. परीक्षा के घर आय."

"लिखे तो हे," बिसाहिन पाटीकडे बोट दाखवत म्हणाली.

बाईंची नजर तिच्या पायांकडे गेली. चपलेचे पट्टे मांसात रुतले होते. बाईंनी वाकून बोटाने घोट्यावर दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. डॉक्टर नसलेल्या बाईलाही हे चांगलं लक्षण नाही एवढं कळतं. त्यांनी तिथूनच निरंजनला हाक मारली. तो पाटीची उंची बघत होता.

"काकू, त्यायचं सबसेंटर आहे ना तिकडं. तिथं नर्स असते. जाईन ती तिथं."

"त्या नर्सला तर गुरुवारी कमिटीपुढे तू इथे उभं करणार आहेस."

"एका दिवसाचाच तर प्रश्न आहे. युनिफॉर्ममधली खरी नर्स पाहिजे ना. नकली कमिटीच्या लगेच लक्षात येते."

बाईंनी बिसाहिनला बजावलं, उद्याच नर्सला दाखव. बिसाहिन "हव" म्हणाली. पण कापणीचे दिवस होते. धान शेतात उभं असताना पायाच्या सुजेसाठी घरी बसणारी बाई डूमरपाऱ्यात नव्हती. ती गेली नाही. आणि ज्या सकाळी डोकं फुटायची वेळ आली तेव्हा गेली, तो नेमका गुरुवार निघाला.

गुरुवारी कमिटीच्या गाड्या आल्या. टिळे लागले, हार पडले. केंद्रात आडव्या रांगेत तीन जागा मांडल्या होत्या. पहिल्या खुर्चीवर ग्रंथालयाचा शिपाई बसला होता. त्याला खोकला होता, म्हणजे कार्डावर होता. दुसरीकडे खाटेवर प्रमोदिनीबाई, गुडघेदुखी. तिसऱ्या बाकावर गरोदर बाई, डोकेदुखी आणि सुजेसकट. ती व्हायची होती विभागातली टायपिस्ट पूर्णिमा, धाकटी उशी पोटाला बांधून. पण कमिटीतल्या एकाला बिनसाखरेचा चहा हवा होता, आणि एवढ्या मोठ्या विभागात चहा करू शकणारी पूर्णिमा एकटीच. ती गेली ती गेलीच. बाकावर नुसती उशी राहिली.

तेवढ्यात बिसाहिन दारात आली. सबसेंटरला कुलूप होतं, शेजारणीने सांगितलं की नर्स तिकडे गेली आहे, आणि कमिटीसाठी फाटक सताड उघडं होतं. पाटी तिने आधीच वाचलेली. ती सरळ आत आली आणि रिकाम्या बाकावर बसली. उशी तिने मांडीवर घेतली आणि डोकं भिंतीला टेकलं.

घंटा वाजली. तिसऱ्या बाकाची पाळी गंधारची होती. गंधार म्हणजे शेवटच्या वर्षाचा हुशार मुलगा, आईबाप नागपूरचे, मराठी समजायची पण तोंडातून हिंदीच निघायची. कमिटीतला टायवाला गृहस्थ शेजारी टिकमार्क करायला उभा राहिला. गंधारने पायऱ्या पाठ केल्या होत्या: हात जोडणे, नाव सांगणे, नजरेला नजर, परवानगी.

"नमस्ते माताजी. मेरा नाम गंधार है. क्या मैं आपकी जाँच कर सकता हूँ?"

"हव," बिसाहिन डोळे न उघडता म्हणाली.

"नजरेला नजर राहिली," टायवाला पुटपुटला. गंधारने खाली वाकून तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मानेने होकार दिला.

"क्या तकलीफ है, माताजी?"

"मुड अब्बड पिरावत हे डाक्टर साहब. आँखी म अंधियार छावत हे."

डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. कार्डावर अगदी हेच होतं. गंधारचा चेहरा खुलला. त्याने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला. आकडा कार्डावरच्यापेक्षा फारच वर होता. त्याने यंत्र हलवलं, पुन्हा फुगवलं, पुन्हा पाहिलं. मग मशीनमध्ये दोष असावा अशा समजुतीने मान हलवली आणि कार्डावरचा आकडा मोठ्याने सांगितला. टिकमार्क झाला. पायावर बोट दाबलं, सूज सांगितली. टिकमार्क. निदान सांगितलं, तेही बिनचूक. बाळ आणि आई दोघांच्या जिवाला धोका आहे, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं, हे त्याने इतकं सुंदर सांगितलं की टायवाल्याने मान डोलावली. गंधारने तशी चिठ्ठी लिहिली, सही केली आणि मार्कांच्या पेटीत टाकली. घंटा वाजली.

"धन्यवाद माताजी. अब आप बाहर बैठ जाइए."

बिसाहिन उठायला गेली. आधारासाठी तिने तट्ट्याला हात घातला. तट्ट्या कागदाचा होता, तो टरकन फाटून तिच्या हातात आला. ती पुन्हा बाकावर बसली, म्हणजे पडलीच.

प्रमोदिनीबाई खाटेवरून उतरल्या.

"गंधार, ही पूर्णिमा नाही."

"पता है आंटी. पूर्णिमा दीदी से तो बहुत अच्छा किया इन्होंने. पसीना तक आ रहा है."

"तो घाम खरा आहे. पोटही खरं आहे. उशी बघ, तिच्या मांडीवर आहे. आत्ता चिठ्ठीत काय लिहिलंस? मोठ्या दवाखान्यात पाठवा म्हणून?"

"हाँ, उसके तो फुल मार्क्स हैं."

"मग पाठव."

गंधारने बिसाहिनकडे पाहिलं. मग पेटीकडे. समजलं त्याला, मूर्ख नव्हता तो. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, आणि मग ते नाहीसं झालं. "आंटी, मेरा वायवा है," असं म्हणून तो पुढच्या खोलीत तोंडी परीक्षेला गेला.

बाई निरंजनकडे गेल्या. तो कमिटीच्या अध्यक्षांना सूप दाखवत होता.

"काकू, पाच मिनिटं," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "यायले जाऊ द्या, मग पाहू. मले तोंडघशी पाडू नका."

बाईंनी त्याला बाजूला केलं आणि अध्यक्षांना नन्सकडून शिकलेल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की ही स्त्री नाटक करत नाही, ती पलीकडच्या वस्तीतली आहे, तिला आत्ता उपचार मिळाले नाहीत तर ती मरेल. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते निरंजनकडे वळले.

"अरे वाह. रिलेटिव का रोल भी रखा है आपने. और पढ़ी-लिखी रिलेटिव. वेरी गुड."

त्या क्षणी सगळं निरंजनच्या हातात होतं. तो डॉक्टर होता. बाकावरच्या बाईचा चेहरा सुजलेला, ओठ पांढरे, हे त्याने पाहिलं; पाहिल्याचं बाईंनी पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं.

"थँक यू सर," निरंजन म्हणाला.

दारापाशी शोभेला उभ्या केलेल्या नर्सने मात्र पाहिलं आणि तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. तिने औषधांचं कपाट उघडलं. इंजेक्शनच्या कुप्या ओळीत लावलेल्या, लेबलं इंग्रजी. तिने एक फोडली, वास घेतला, दुसरी फोडली. "पाणी आहे काकू सगळं," ती म्हणाली. मग टोपी काढून टेबलावर ठेवली आणि बिसाहिनच्या काखेत हात घातला. "चला लवकर."

बाहेर निरंजनची गाडी होती. "साहेबांनी सांगितलंय," असं बाईंनी शालिग्रामला सांगितलं. खोटं बोलल्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्या आवारात एवढंच एक खोटं उपयोगाचं होतं. बिसाहिनचं डोकं नर्सच्या मांडीवर, डोक्याखाली धाकटी उशी, पुढे बाई. रुंद, मोकळे रस्ते त्या दिवशी पहिल्यांदाच कामाला आले. गाडी सरकारी मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत बिसाहिनचे हात झटके द्यायला लागले होते. तिथे कोणी हात जोडले नाहीत, नाव सांगितलं नाही की परवानगी विचारली नाही. ओरडत आले आणि तिला आत घेऊन गेले. दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, अगदीच किरकोळ वजनाची, पण रडली. आई वाचेल की नाही हे संध्याकाळपर्यंत कळायचं नव्हतं. नर्स तिथे थांबली. बिसाहिनच्या नवऱ्याला हिरवळीवरून बोलावून आणायला बाईंनी शालिग्रामला पाठवलं आणि त्या ऑटोने घरी आल्या.

संध्याकाळी नर्सचा फोन आला. बिसाहिन शुद्धीवर आली होती, पाणी मागत होती. फोन ठेवतात तोच निरंजन पेढे घेऊन दारात.

"काकू, झालं. मान्यता मिळाली. तुमचं ते जे झालं ना, पेशंटले गाडीत घालून नेणं, कमिटीले सगळ्यात जास्त तेच आवडलं. म्हणे, आपात्कालीन वाहतुकीचा सराव देशात कुठंच घेत नाहीत. आता आपण तो दरवर्षी घेणार."

"त्या बाईचं काय झालं, विचारलंस?"

"झालं असंन सगळं ठीक. तुम्ही होता ना." त्याने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. "गंधारले टॉप मार्क आहेत. त्याची मुलाखत पण आहे, बंगलोरच्या हॉस्पिटलात."

"खेड्यात नाही जाणार तो?"

"काकू, त्याची प्रोफाइल पाहा ना." निरंजन खुर्चीवर टेकला, कमरेवर हात ठेवून; कंबर आठवायची वेळ असली की तो असा टेकत असे. "आणि ती उशी. पूर्णिमा शोधून राहिली. पुढच्या बॅचले लागते ती. स्टॉकच्या रजिस्टरमध्ये पण चढवून ठेवली तिनं."

"ती मिळायची नाही."

"काहून?"

"डूमरपाऱ्याला जाणार आहे. बाळाच्या डोक्याखाली. तू नेली होतीस तेव्हा आठवडाही टिकली नाही ती खेड्यात. या खेपेला राहील."

निरंजन नेहमीसारखं हसायला गेला. ते हसू अर्ध्यावर आलं आणि पुढे कुठे जावं हे त्याला सुचेना. त्याने घड्याळ पाहिलं, उद्या संचालकांच्या खोलीचा रंग ठरवायचा आहे म्हणाला, आणि गेला. पुडा बाईंनी उघडला नाही. तसाच खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या मुलांना दिला.

मग त्या टेबलाशी बसल्या, चष्मा पुसला, पेन उघडलं. गुरुवार, २१ नोव्हेंबर, असं लिहिलं. दिवसभरात जे घडलं ते सगळं लिहायला एक पान पुरलं नसतं, आणि एका दिवसाला एकच पान हा त्यांचा नियम होता. बिसाहिनला मुलगी झाल्याचं आणि दोघी बऱ्या असल्याचं त्यांनी लिहिलं. निरंजनबद्दल लिहिलं नाही. मग खाली एक ओळ लिहिली:

धाकटी उशी दिली. तिचे दोन अभ्रे धुऊन पायपुसण्याला काढले.